पानासारखा बसलेला पतंग ओळखायचा कसा: गुळवेलीपासून मोसंबीच्या बागेपर्यंत

गणपती बसायच्या सुमारास माझ्या फोनवर तपकिरी पानांचे फोटो यायला लागतात. मराठवाड्यातल्या गावांतून, कन्नडहून, अंबडहून, किनवटहून. खाली एकच प्रश्न असतो: "सर, हे कोणतं फुलपाखरू?" फोटो बहुतेक वेळा एकच, वरून काढलेला. पाखरू ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर, नाहीतर कुणाच्या तरी तळहातावर, पंखांची अर्धी भुकटी बोटांना लागलेली. एवढ्यावरून नाव सांगता येत नाही. फोटोवरून नाव सुचवणारं ॲप मात्र सांगतं, आणि तेच नाव गावभर फिरत राहतं.

बहुतेकांचं अडतं ते क्रमात. आधी पकडतात, मग फोटो काढतात, मग नाव शोधतात. ते कुठल्या झाडावर बसलं होतं हे सगळ्यात शेवटी, आठवलंच तर. पानाचं सोंग घेणाऱ्या पतंगाच्या बाबतीत हा क्रम उलटा लागतो: आधी जागा, मग बसण्याची ढब, मग लपवलेला पंख, मग त्याच्या अळीची वेल आणि शेवटी नाव.

उदाहरणासाठी एकच पतंग शेवटपर्यंत हाताशी धरतो. त्याचा वंश (जवळच्या जातींचा गट) युडोसिमा. शेतीच्या जुन्या पुस्तकांत हाच 'ऑथ्रिस' या नावाने सापडतो, आणि मोसंबीचे बागायतदार त्याला 'रस शोषणारा पतंग' म्हणतात. दिवसा तो झाडीत पान होऊन बसतो, रात्री बागेत येतो. त्याला ओळखता आलं की बाकीच्या लपणाऱ्या पतंगांसाठीही हीच पद्धत लावता येते.

## टप्पा १. निघण्यापूर्वीची तयारी

सामान थोडंच लागतं. फोन, बॅटरी, बॅटरीच्या काचेवर लावायला लाल जिलेटीन कागदाचा तुकडा, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. सोबत एखादी पारदर्शक रुंद तोंडाची बरणी आणि तोंडावर बांधायला मलमलचा तुकडा.

पायात गुडघ्याच्या जवळपर्यंत येणारे बूट हवेत. पाचोळ्यातला पतंग शोधताना नजर जमिनीवर असली तरी ती पतंगावर असते, आणि आपल्याकडे त्याच पाचोळ्यात घोणस आणि फुरसं असतं, रात्री मण्यार फिरते. दगड, ओंडका किंवा पाचोळ्याचा ढीग हाताने उचलू नका, काठीने सरकवा.

हंगाम जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. चांगला पाऊस पडून वेलींना नवी पालवी फुटली की अळ्या दिसू लागतात. पतंग सगळ्यात जास्त दिसतात ते ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) मोसंबी पिकायला येते तेव्हा.

जागेबद्दल स्पष्ट सांगतो. गौताळा औट्रमघाट किंवा येडशी रामलिंग घाट अभयारण्यात रात्री जायचं नाही, आणि वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे पतंग बोलवायला दिवा-चादर लावायची नाही. गौताळ्यात बिबट्या आहे, हे वेगळं सांगायला नको. नवख्या माणसाला अभयारण्याची गरजही नसते. गावाजवळचा ओढा, शेताचा जुना बांध, मारुतीच्या पारामागची झाडी पुरेशी आहे. मला स्वतःला बरेच पतंग अशाच ठिकाणी दिसले आहेत, कारण तिथे मी पुन्हा पुन्हा जाऊ शकतो.

पतंग शोधायच्या आधी तीन वेली ओळखायला शिका. हे काम टाळून पुढे गेलेला माणूस पाचव्या टप्प्यावर हमखास अडतो.

गुळवेल बहुतेकांना माहीत असते: पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं गुळगुळीत पान, खोडावर कागदासारखी सुटणारी साल, ती नखाने खरवडली की आत हिरवं, आणि कडुनिंबा-बाभळीवरून दोरीसारखी खाली लोंबणारी मुळं. वासनवेल कुंपणावर चढते. तिचं पान लहान आणि मखमली असतं. चार-पाच पानं थोड्या पाण्यात चुरगाळून ठेवली की ते पाणी काही वेळात खरवसासारखं थिजतं. गुरं राखणाऱ्या पोरांना हा खेळ ठाऊक आहे, त्यांनाच विचारा. तिसरी पहाडवेल, तिचं पान गोलसर आणि मऊ लवेचं. तिन्ही एकाच कुळातल्या.

तपासा: घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत यांतली एखादी वेल कुठे आहे, हे नक्की सांगता येतं का? येत नसेल तर पहिल्या दिवशी फक्त वेली शोधा.

## टप्पा २. हात लावण्याआधी दहा मिनिटं

पतंग दिसला की थांबा. दोन-तीन हातांवर बसा, सावली त्याच्यावर पडू देऊ नका. या दहा मिनिटांत जे कळतं ते तो एकदा उडाला की परत मिळत नाही.

पहिली गोष्ट पंखांची ठेवण. दोन्ही पंख पाठीवर उभे जोडलेले असतील, हात जोडल्यासारखे, तर ते बहुधा फुलपाखरूच. इथे जाणकारही फसतात, कारण आपल्या पाचोळ्यात मेलॅनायटिस लेडा नावाचं एक फुलपाखरू राहतं. ते दिवसभर वाळक्या पानासारखं पडून असतं आणि उडतं संध्याकाळी. कोरड्या दिवसांत त्याच्या पंखाच्या खालच्या बाजूचे डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, आणि मग ते आणि पान यांत फरक उरत नाही. संध्याकाळी उडतंय म्हणून पतंग, असं धरू नका. मिशांकडे पाहा. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू. दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा कंगव्यासारख्या असतील तर पतंग.

पंख सालीला सपाट चिकटवून चारही उघडे ठेवले असतील आणि पुढच्या पंखावरची रेघ तशीच मागच्या पंखावर पुढे गेली असेल, तर तो जिओमेट्रिडी कुळातला असण्याची शक्यता मोठी. याच्या अळ्या वीत टाकत चालल्यासारख्या चालतात. पंख मागे ओढलेले आणि अंग चातीसारखं जाड, दोन्ही टोकांना निमुळतं असेल तर हॉक मॉथ. तळहाताएवढा काळपट तपकिरी, पंख पसरून पुलाच्या मोरीत किंवा जुन्या विहिरीच्या कपारीत बसलेला आणि पुढच्या पंखावर मोठा डोळा असेल तर एरिबस, काही लोक त्याला घुबड पतंग म्हणतात.

आपला युडोसिमा बसतो तो घराच्या छपरासारखा. पुढचे दोन पंख उतरते, मधे आढं. मागचे पंख पूर्ण झाकलेले.

गेल्या वर्षी सप्टेंबरात कन्नडच्या बाजूला एका ओढ्यात धावड्याखाली बसलो होतो. समोर सागाचं एक वाळकं पान फांदीच्या बेचक्यात अडकलं होतं. वारा आला, शेजारची पानं हलली, हे हलेना. जवळून पाहिलं तर पानाची मधली शीर दिसत होती, बाजूच्या बारीक शिरा दिसत होत्या, एका कडेला कुरतडल्यासारखी खाच होती, आणि टोक सुकून वळल्यासारखं अणकुचीदार. सगळं पानाचं. फसवणूक उघडी पडली ती पुढच्या टोकाला: तिथे देठ नव्हता, दोन जाड ओठांसारखे भाग वर वळलेले होते आणि त्यांच्यामागे डोळ्याचा गोल. ती कडेची खाच विसरू नका. युडोसिमा फॅलोनियाच्या पुढच्या पंखाची खालची कड अशी आत खचलेली असते, आणि पाहणारा ती पंख फाटलाय म्हणून सोडून देतो.

एक गोंधळ इथेच मिटवून टाकतो. लॅसिओकॅम्पिडी कुळातले काही पतंगही वाळक्या पानांचा झुबका वाटतात. त्यांचं अंग अस्वलासारखं केसाळ असतं, नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात आणि मागच्या पंखाची कड पुढच्या पंखाखालून बाहेर डोकावते. युडोसिमाची मिशी साधी, दोऱ्यासारखी.

सावधान: केसाळ पतंगांना आणि त्यांच्या सुरवंटांना उघड्या हाताने धरू नका. केस कातडीत रुततात, खाज आणि गांध्या येतात. डोळ्यात गेले तर सरळ डॉक्टरकडे.

## टप्पा ३. फोटो, याच क्रमाने

१. लांबून, झाडासकट. नंतर झाड ओळखायला हाच फोटो लागतो.
२. बाजूने, पतंगाच्या उंचीला फोन आणून. छपरासारखी ठेवण यातच दिसते.
३. वरून सरळ, शेजारी पट्टी ठेवून. पट्टी पतंगाला टेकवू नका.
४. समोरून तोंड आणि मिशा.
५. ज्या झाडावर किंवा वेलीवर बसलाय तिचं पान, वरची आणि खालची बाजू.

फ्लॅश बंद. फोनमधली रंग खुलवणारी सोय बंद. ट्यूबलाइटखाली हिरवट राखाडी पंख पिवळट येतो, म्हणून फोटोशेजारी वहीत प्रत्यक्ष दिसलेला रंग लिहून ठेवा. मापही लिहा. युडोसिमा पंख पसरल्यावर साधारण ८ ते १० सेंटिमीटर भरतो. तुमच्या समोरचा पसरूनही ४ सेंटिमीटरच असेल तर युडोसिमाचा विचार सोडा.

## टप्पा ४. लपवलेला पंख

हाच टप्पा लोक गाळतात, आणि नेमकं नाव याच टप्प्यावर ठरतं.

पुढचा पंख पानाची नक्कल करतो, आणि पानं तऱ्हेतऱ्हेची असतात. त्यामुळे एकाच जातीत पुढचा पंख तपकिरी, जांभळट, शेवाळी, राखाडी असा कुठलाही येतो, शिवाय नर आणि मादीचा निराळा असतो. पुढच्या पंखाचा रंग जुळवून नाव ठरवलं की एका जातीच्या चार जाती होतात. मागच्या पंखाची खूण मात्र सहसा बदलत नाही. बसलेला असताना तो झाकलेला असतो आणि धोका वाटला की एकदम उघडतो. समोर आलेला पक्षी क्षणभर दचकतो आणि तेवढ्यात पतंग निसटतो.

युडोसिमाचा मागचा पंख पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, त्याला काळी किनार. त्या नारिंगी पंखाच्या मधला काळा ठिपका पाहा. ठिपका गोल, टिकलीसारखा असेल तर युडोसिमा मटेर्ना. लांबट आणि कोयरीसारखा वाकडा असेल तर युडोसिमा फॅलोनिया, किंवा त्याचा जवळचा भाऊ युडोसिमा होमीना. या दोघांत साध्या फोटोवरून निवाडा करू नका.

आता तो पंख पाहायचा कसा? चिमटीत धरून उघडायचा नाही. पंखाचे खवले उडतात, पतंग लुळा होतो आणि त्या खवल्यांसोबत खुणाही जातात. फुंकर मारणं, काडीने टोचणं हेही नको. मी वापरतो ती रीत अशी: फोन हळू गतीच्या व्हिडिओवर लावा, दगडावर किंवा पिशवीवर टेकवून स्थिर करा, पतंग चौकटीच्या मधोमध घ्या आणि चित्रण चालू करून पतंगापासून वीतभर अंतरावरची फांदी अलगद हलवा. बरेचदा तो उडण्याआधी पुढचे पंख उचलतो. दोन सेकंदांचा खेळ असतो, डोळ्यांना नारिंगी झळक एवढंच दिसतं. घरी येऊन व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला की ठिपका स्वच्छ मिळतो. हे एका पतंगाला एकदाच करा. दिवसा पुन्हा पुन्हा उडवलेला पतंग कोतवाल पक्ष्याच्या तोंडी जातो.

दुसरा मार्ग मेलेल्या पतंगांचा. सकाळी सूर्य वर यायच्या आत रस्त्यावरच्या ढाब्याच्या, पंपाच्या किंवा देवळाच्या दिव्याखाली पाहा. मेलेला पतंग मिळाला तर पांढऱ्या कागदावर ठेवून दात कोरायच्या काडीने पुढचा पंख वर सरकवा. कडक झाला असेल तर ओल्या कापडासोबत डबीत रात्रभर ठेवा, सांधे मऊ होतात.

लपवलेला पंख फक्त युडोसिमाकडेच असतो असं नाही. किनवट-माहूरच्या सागवनात पावसाळ्याच्या सुरुवातीला छोटा, करडा-तपकिरी पतंग मोठ्या संख्येने दिसतो. त्याचा मागचा पंख काळा आणि त्यावर नारिंगी-पिवळे पट्टे. तो हिब्लिया प्यूरा, सागाची पानं फस्त करणारा. एरंडाच्या आसपास मिळणाऱ्या अकिया जनाटाचा मागचा पंख काळा, मधे पांढरा पट्टा आणि कडेला पांढरे ठिपके. वरून पाहिलं तर दोघेही मातकटच, मागचा पंख उघडला की दोघांत गोंधळाला जागा राहत नाही.

तपासा: मागचा पंख दिसला नसेल तर वहीत 'मागचा पंख पाहिला नाही' असं लिहा आणि पुढे जा. अंदाजाने ठिपका गोल ठरवू नका.

## टप्पा ५. वेल वाचा

अंबड तालुक्यातल्या एका ओळखीच्या बागायतदाराने एका हंगामात मोसंबीच्या पानांवर तीनदा फवारणी केली. फळं रोज गळत होती, आणि पानांवर त्यांना अळ्या दिसल्या होत्या. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, अळी मारून मारून थकलो, पतंग काही कमी होईनात."

पानावरची अळी पाहिली. चिमणीच्या विष्ठेसारखी, काळी-पांढरी. ती लिंबाच्या फुलपाखराची. मोसंबी, लिंबू, कढीपत्ता यांवर ती असायचीच. रस शोषणाऱ्या पतंगाचा तिच्याशी काही संबंध नाही. मग आम्ही बांधाकडे गेलो. बांधावरच्या कडुनिंबावर मनगटाएवढ्या जाडीची गुळवेल चढलेली होती, खालच्या पानांना भोकं होती, आणि एका पानाखाली ती बसली होती: दोन इंचांची मखमली काळपट अळी, डोकं खाली मुडपून घेतलेलं, मागचा भाग वर उचललेला, आणि कुशीवर दोन-दोन मोठे डोळे. खरे नव्हेत, रंगवलेले. पिवळट कडं, आत काळं बुबुळ. बागायतदारांनी पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले. "हे तर सापाचं पिल्लू वाटायलंय!" पक्ष्यालाही तसंच वाटावं, एवढ्यासाठी ते डोळे.

लक्षात घ्यायची गोष्ट ही: या पतंगाची अळी गुळवेलीच्या कुळातल्या वेलींवर वाढते, मोसंबीवर नाही. मोसंबीवर येतो तो पूर्ण वाढलेला पतंग, तोही रात्री, फक्त रस प्यायला. त्यामुळे अळी शोधायची तर वेलीवर, पतंग शोधायचा तर दिवसा झाडीत आणि रात्री बागेत.

वेल पाहताना खालच्या, सावलीतल्या पानांपासून सुरुवात करा. पानाला मोठी भोकं, खाली जमिनीवर काळ्या विष्ठेचे बारीक दाणे, आणि दोन-तीन पानं रेशमी धाग्याने एकमेकांना चिकटवलेली. त्या चिकटवलेल्या पानांत कोष असतो. सोडवून पाहू नका.

सुरवंट आणि अळी हे शब्दही नीट वापरा. केसाळ असेल तो सुरवंट, गुळगुळीत असेल ती अळी. नोंदीत एवढा एक शब्द बरोबर असला तरी वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं.

## टप्पा ६. अळी पाळून खात्री करणं

पतंगाचा मागचा पंख खात्रीने आणि शांतपणे पाहायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. उबदार दिवसांत अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिनाभर लागतो. मोठी अळी मिळाली तर त्याहून कमी.

एका बरणीत एकच अळी ठेवा. ज्या वेलीवर सापडली त्याच वेलीचं पान रोज ताजं द्या. गुळवेलीवरच्या अळीला वासनवेल देऊन प्रयोग करू नका, कोवळी अळी पान बदललं की खाणं सोडू शकते. पान पुसून कोरडं करून घाला. तळाला कागद, तो रोज बदलायचा. पाणी शिंपडायचं नाही. बंद बरणीत घाम धरला की बुरशी येते, आणि नवख्यांच्या बहुतेक अळ्या अशाच मरतात. तोंडावर झाकण नको, मलमल. बरणी उन्हात नको, आणि जिथे डास मारायची वडी किंवा द्रावण लावता त्या खोलीत तर अजिबात नको.

अळी खाणं थांबवून भिरभिरायला लागली की कोष करणार. तेव्हा बरणीत उभी काटकी आणि चार-पाच मोठी पानं ठेवा. कोष झाल्यावर हलवू नका. पतंग बाहेर आल्यावर पंख पसरायला त्याला उभी चढता येईल अशी खडबडीत जागा लागते, ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. पंख वाळून घट्ट व्हायला काही तास जाऊ द्या. मग बरणीसमोर फोन लावा, तो स्वतःच पंख थरथरवून उडायची तयारी करतो, आणि तेव्हा ठिपका दिसतो.

कधी कधी कोषातून पतंगाऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी बाहेर येते. काही बिघडलेलं नसतं. तिने त्या अळीत आधीच अंडी घातलेली असतात. तिचाही फोटो घ्या, तारीख लिहा. बागायतदाराच्या दृष्टीने ही नोंद पतंगाच्या नोंदीपेक्षा मोलाची आहे.

पतंग जिथून अळी आणली तिथेच, अंधार पडल्यावर सोडा.

## टप्पा ७. रात्रीचं पाहणं

बहुतेक पतंगांसाठी पांढऱ्या सुती कापडामागे दिवा लावतात. अमावास्येच्या जवळची, ढगाळ, वारा नसलेली, दमट रात्र चांगली. चांदण्यात पतंग कमी येतात. पहाटे दिवा बंद करून कापड झटका आणि पतंगांना झुडपात सोडा, नाहीतर उजाडताच कोतवाल आणि साळुंक्या सगळा फडशा पाडतात.

युडोसिमा मात्र दिव्यापेक्षा वासाला येतो. फार पिकलेली चार केळी, मूठभर गूळ, थोडं पाणी, दोन दिवस झाकून आंबवून घ्या आणि संध्याकाळी खोडाच्या सालीवर छातीच्या उंचीला हातभर पट्टा सारवा. अंधार पडल्यावर तासातासाने लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन पाहा. पतंगाचा डोळा बॅटरीच्या उजेडात निखाऱ्यासारखा चमकतो, आधी तोच दिसतो. त्याच पट्ट्यावर एरिबसही येतो, अकियाही येतो, तेव्हा आलेला प्रत्येक मोठा पतंग युडोसिमा समजू नका.

## टप्पा ८. फळावरचं छिद्र कुणाचं?

बागेत पतंग दिसला नाही तरी त्याच्या खुणा असतात. त्याची सोंड फुलपाखरासारखी मऊ नसते. टोक कडक असतं, त्यावर बारीक दाते असतात, आणि त्याने तो मोसंबीची जाड साल भोकसतो. छिद्र टाचणीच्या टोकाएवढं. भोवती साल मऊ पडून तपकिरी वर्तुळ होतं. फळ दाबलं की त्या छिद्रातून रसाची चिळकांडी उडते. छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळतं.

फळमाशीची खूणही अशीच दिसते, म्हणून फळ कापा. आत पांढुरक्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. अळ्या नसतील, गर नुसता पोकळ आणि मऊ झालेला असेल तर पतंग. फळ न कापता औषध आणायला जाऊ नका.

आणखी एक: छिद्र पाडणारा आणि छिद्रावर बसलेला पतंग एकच असतो असं नाही. अकियासारखे पतंग दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून किंवा सडक्या फळातून रस घेतात. प्रत्यक्ष सोंड खुपसताना पाहिलं असेल तरच तसं लिहा.

उपायांबद्दल थोडक्यात. गळलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, कारण त्यांच्या वासावर आणखी पतंग येतात. थोडी झाडं असतील तर फळांना पिशव्या बांधा. संध्याकाळी बागेत धूर करण्याची जुनी रीत अजून कामाची आहे. पिकल्या फळांवर फवारणी करून हाती फार लागत नाही, पतंग रात्री बाहेरून येतो आणि निघून जातो, आणि औषध मात्र फळावर राहतं. बागेच्या बांधावरची गुळवेल काढायची की नाही, यावर मला विचाराल तर हंगामात दर आठवड्याला तिच्यावरच्या अळ्या वेचाव्यात, ते जमणारच नसेल तर बांधावरची वेल काढावी. डोंगरातली, ओढ्यातली वेल तोडायला मात्र कुणी जाऊ नये. पतंग लांबून उडत येतो, त्यामुळे ती तोडून बाग वाचत नाही, आणि त्या वेलीवर जगणारं बाकीचं सगळं जातं.

## टप्पा ९. नाव किती लिहायचं

जेवढं पाहिलं तेवढंच. छपरासारखी ठेवण आणि पानासारखा पंख एवढंच दिसलं असेल तर 'पानासारखा मोठा पतंग'. नारिंगी मागचा पंख दिसला, ठिपका नाही, तर 'युडोसिमा, जात ठरवली नाही'. गोल ठिपका स्पष्ट दिसला तर 'युडोसिमा मटेर्ना'. वाकडा ठिपका असेल तर पुन्हा वंशावरच थांबा आणि फोटो जाणकाराकडे पाठवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे. तिथे पाठवताना पाचही फोटो, व्हिडिओ आणि वेलीचं पान पाठवा, नुसता कापून मोठा केलेला पतंग नको.

ॲपचं उत्तर वहीत लिहायचं असेल तर वेगळ्या रंगात, 'ॲपने सुचवलं' असं म्हणून. ते चुकतं ते बहुधा पुढच्या पंखामुळे, कारण त्याला तुम्ही तेवढंच दाखवलेलं असतं.

नोंद अशी असावी: तारीख, वेळ, गाव आणि तालुका, ढग-पाऊस-वारा, कुठल्या झाडावर किती उंचीवर, पंख कसे ठेवले होते, मिशा, माप, मागचा पंख पाहिला की नाही, जवळपास कुठली वेल, मग नाव. आणि पुढे कधी नाव चुकलं असं कळलं तर आधीचं खोडून टाकू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, खाली नवं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहा.